पलीकडच्या काकूंचं शिर्डी ठरलं!

अहो, ऐकलंत का? या जरा अलीकडे, कुंपणापाशी. मोठ्यानं सांगायची गोष्ट नाही ही. पलीकडच्या काकू निघाल्या नातीला घेऊन. कुठे म्हणाल, तर शिर्डीला! हो, शिर्डीलाच. मग त्या इमॅजिकाच्या गाजावाज्याचं काय झालं म्हणता? अहो, तेच तर सांगतेय...

पोरीची दहावी झाली, तुम्हाला माहीतच आहे. पुण्याच्या काकानं पेपर सुरू व्हायच्या आधीच फोनवर जाहीर करून टाकलं होतं, "पेपर संपले की इमॅजिका!" झालं, अख्ख्या फुलचूरला कळलं. त्याला काय जातं बोलायला? पुण्याहून खोपोलीचं ते पार्क किती लांब! आपल्याला गोंदियाहून अख्खा महाराष्ट्र आडवा कापायचा. आणि पोरीचा बाप राईस मिलमध्ये खातेवही लिहितो, त्याच्या खिशाचं कुणी विचारलं का?

तर परवा आमच्या गच्चीवर तांदळाचे पापड चालले होते. तुम्ही नव्हतात, माहेरी होतात. बँकवाल्या वहिनी आल्या. पापडाला हात लावायला नाही हो, इमॅजिका सांगायला! दिवाळीत जाऊन आल्यात ना. तिथला तो नायट्रो रोलर कोस्टर म्हणे, पायाखाली फळीच नाही, पाय हवेत लोंबकळत आणि डोकं खाली. उंची १४० सेंटिमीटर पाहिजे, नाहीतर बसू देत नाहीत. "आणि काकू, पोरांचं तिकीट वयावर नाही, उंचीवर असतं बरं का!" काकूंनी मान वर करून नातीकडे पाहिलं. पोट्टी त्यांच्यापेक्षा वीतभर उंच! आता हिचं अर्धं तिकीट कुठून आणायचं?

काकू म्हणाल्या, "असू दे, रेल्वेत माझं तरी कमी लागेल." मी गप्प बसले. कोण सांगणार, म्हाताऱ्यांची ती सूट मार्च २०२० मध्ये कोरोनात बंद झाली, ती काही परत आली नाही म्हणून? पण बँकवाल्या वहिनींनी सांगितलंच. माय माय, काय चेहरा पडला काकूंचा! हातातला पापड तसाच हातात.

आणि वहिनी थांबल्या का? छे! वॉटर पार्कमध्ये साडी चालत नाही म्हणे. सुती कपडेही नाहीत. नायलॉनचा ड्रेस लागतो, नसला तर तिथून भाड्यानं घ्या. लॉकरचे पैसे निराळे. घरचा डबा गेटच्या आत जात नाही. म्हणजे आपल्या तिखट पुऱ्या बाहेर आणि आत विकतचं खाणं. "बाप्पा, मी आणि नायलॉनचा ड्रेस?" काकू एवढ्या लाजल्या की नात हसून हसून गच्चीवर लोळली.

तर काय सांगत होते... हं, मास्तर. काकूंचे मास्तर हो, निवृत्त झाले तरी वर्ग काही सुटला नाही. ते पेपरमागून म्हणाले, "मनोरंजन पार्कवर २०१७ मध्ये २८ टक्के जीएसटी होता, जानेवारी २०१८ मध्ये तो १८ वर आणला." झालं, पुन्हा पेपरमागे. आता ह्याचं काय करायचं, तुम्हीच सांगा!

मग घरातल्या धाकट्या काकांनी हैदराबादची रामोजी फिल्म सिटी काढली. १९९६ ची आहे म्हणे, एवढी मोठी की गिनीज बुकात नाव. काकूंचा प्रश्न एकच, "एसटीत अर्धं तिकीट लागेल का?" अहो, ती बायकांची अर्धी सवलत मार्च २०२३ पासून आहे खरी, पण आपल्या राज्यापुरती! रामोजी जागच्या जागी बाद.

आता राहिलं बाजारगावचं फन अँड फूड व्हिलेज. नागपूरच्या पुढे, अमरावती रोडवर. आजी-नात दोघींचं एसटीचं अर्धं तिकीट, सगळ्यात स्वस्त हेच. मीसुद्धा म्हटलं, काकू, हेच करा. तर ती पोट्टी काय म्हणाली, ऐका. म्हणाली, "आणि आजी तिथं काय करणार? माझ्या चपला राखत बाकावर बसणार? आत यायचं तर पाण्यात न उतरणाऱ्यालाही तिकीट लागतं. म्हणजे चपला राखायचं तिकीट!"

सगळ्या गप्प! अहो, बरोबरच आहे की. आपण आजवर किती ठिकाणी असे पैसे भरून चपला राखल्या, आठवा जरा...

मग तिनं वही काढली. सगळं आधीच लिहून ठेवलेलं, लबाड! आपल्या गोंदियाहून सुटणारी कोल्हापूरची महाराष्ट्र एक्स्प्रेस कोपरगावला थांबते. सकाळी बसायचं, रात्री उशिरा उतरायचं, मध्ये गाडी बदलायची भानगड नाही. स्लीपरचं तिकीट. रिझर्व्हेशन आता १२० दिवस नाही, ६० दिवस आधी उघडतं, नोव्हेंबर २०२४ पासून. त्याच सकाळी मोबाइल घेऊन बसली होती म्हणे. ४५ च्या वरच्या बायकांना, शिल्लक असला तर, खालचा बर्थ मिळतो. काकूंना मिळाला! कोपरगावात काकूंची धाकटी लेक दिलेली आहेच, तिथून शिर्डी हाकेवर.

शिर्डीत वेट एन जॉय वॉटर पार्क आहे. तिथं पोट्टी मावशीबरोबर आणि मावसबहिणीबरोबर जाणार, तेही आडवारी, शनिवार-रविवारी तिकीट महाग असतं म्हणून. तेवढा वेळ काकू साईबाबांच्या दर्शनाला, मग प्रसादालयात. तिथलं जेवण मोफत, आणि स्वयंपाकाला सूर्याच्या उष्णतेवरची वाफ वापरतात. दुसऱ्या दिवशी दोघी मिळून साईतीर्थ. तेही थीम पार्कच हो, पण देवाधर्माचं! बाबांचा बोलता-हलता पुतळा, लंकादहनाचा फाइव्ह-डी खेळ, गाडीत बसून देशातल्या देवळांची यात्रा. सगळं बसून बघायचं, साडी नेसून! काकूंचे डोळे असे चमकले म्हणता... दहावीचा नवस बोलून ठेवलाय ना त्यांनी. पोट्टीला माहीत होतं.

बँकवाल्या वहिनींनी नाक मुरडलं. "इमॅजिका ते इमॅजिकाच, शिर्डीत कुठे तसलं?" तर पोट्टी शांतपणे म्हणाली, "वहिनी, इमॅजिका २०२२ मध्ये संगमनेरच्या मालपाणींनी घेतलं. शिर्डीचे दोन्ही पार्क त्यांनीच उभे केलेत. सबका मालिक एक!" अहो, मास्तरसुद्धा पेपर खाली ठेवून हसले! वहिनींचा चहा कपातच निवला.

एका गोष्टीवर मात्र अडलं. राहायचं कुठे? लेक म्हणते घरी या. काकू म्हणतात, लेकीच्या घरी पाणी प्यायला ठीक, पण मुक्काम? जावई काय म्हणेल! जावई बिचारा फोनवर तीनदा म्हणाला, या म्हणून. नाहीच ऐकलं. शेवटी संस्थानच्या भक्तनिवासात खोली घेतली, तीही स्वस्तच आहे म्हणा. लेकीचा फोन आला तेव्हा आवाज जरा... पण ते राहू दे, ते आपण उद्या बोलू.

आणि पुण्याचा काका? त्याला कळवलं तेव्हा म्हणाला, "अगं, मी तर घेऊन जाणारच होतो!" पोट्टी म्हणाली, "काका, मग वॉटर पार्कचं तिकीट तेवढं पाठवा." अर्ध्या तासात पैसे आले! तिच्या आईला अजून विश्वास बसत नाही.

बरं, तुमचा नातू मे महिन्यात येतोय ना? त्याला कुठं न्यायचं ते ठरवाल, तेव्हा तिकिटाचा आकडा मागाहून बघा. आधी विचारा, तिथं आपल्यासाठी काय आहे. काहीच नसलं तर त्याला मित्रांबरोबर पाठवा आणि तुम्ही घरी राहा. नुसत्या चपला राखायला फुल तिकीट काढू नका, वहिनी.