बातम्या बघा, इंग्रजी शिका

सर्वप्रथम घरच्यांना विश्वासात घ्यावे. रोज रात्री साडेआठ ते नऊ, म्हणजे मालिकेच्या ऐन वेळी, रिमोट आपल्याकडे राहील आणि हे सर्व शिक्षणासाठी आहे, असे शांतपणे सांगावे. कोणी ऐकणार नाही. मग मोबाइल व इअरफोन घेऊन गॅलरीत बसावे. पाचवीत एबीसीडी गिरवायला लागलेल्या आमच्या पिढीला इंग्रजीपायी डास चावून घेण्याची तयारी ठेवावीच लागते.

सोबत एक दोनशे पानी वही असावी. पानावर मधोमध रेघ मारावी. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ. पहिल्या महिन्यात डावी बाजू भरते आणि उजवी कोरी राहते. खचू नये.

आता वाहिनीची निवड. आपल्याकडच्या इंग्रजी चर्चा नवशिक्याने टाळाव्यात. पडद्यावर आठ चौकटी, आठही जण एकदम बोलतात आणि तासाभराने आपल्या पदरात एकच वाक्य पडते : ‘लेट मी फिनिश.’ हे वाक्य मी घरी वापरून पाहिले. फिनिश करू दिले नाही.

त्यापेक्षा सावकाश बातम्यांपासून सुरुवात करावी. व्हॉइस ऑफ अमेरिकाने १९५९ साली शिकणाऱ्यांसाठी ‘स्पेशल इंग्लिश’ सुरू केले. सुमारे दीड हजार शब्दांचा साठा, छोटी वाक्ये आणि नेहमीच्या दोनतृतीयांश वेग. हे निवेदक ऐकले की सत्यनारायणाची पोथी सांगणारे आमचे गुरुजी गाडी गाठायला निघाल्यासारखे वाटतात. यूट्यूबवर कुठल्याही वृत्तान्ताचा वेग ०.७५ करता येतो, पण त्यात निवेदिका दुपारच्या झोपेतून नुकतीच उठल्यासारखी बोलते आणि बघणाऱ्यालाही जांभया येतात.

उच्चारासाठी बीबीसी. उच्चार कसे करावेत हे ठरवायला त्यांनी १९२६ साली चक्क समिती नेमली होती. पुढे तिचे अध्यक्ष झाले बर्नार्ड शॉ. फुलवालीला बोलायला शिकवणाऱ्या प्राध्यापकाचे ‘पिग्मॅलियन’ लिहिणारे तेच, ज्यावरून पुलंनी ‘ती फुलराणी’ केली. तेव्हा बीबीसीवरचा शब्द कळला नाही, तर कान आपलाच दोषी धरावा.

खरी परीक्षा पडद्याखालून सरकणाऱ्या पट्टीची. जागा कमी, म्हणून तिथे आखूड शब्दांचे राज्य असते. वर्तमानपत्रांच्या अरुंद रकान्यांनी लावलेली ही सवय. त्या पट्टीत कोणी कोणावर टीका करत नाही, ‘स्लॅम’ करते. सरकार विचार करत नाही, ‘मल’ करते. चोर पकडला जात नाही, ‘नॅब’ होतो. एका बड्या असामीला पोलिसांनी चार तास ‘क्विझ’ केल्याचे वाचून मला वाटले, गृहस्थाला सामान्यज्ञानाचे बक्षीस मिळणार. दुसऱ्या दिवशी त्यांना कोठडी मिळाली. वहीत उजवीकडे लिहिले : क्विझ म्हणजे चौकशी, बक्षीस नाही.

सर्वांत कामाचा शब्द ‘अलेजेडली’. न्यायालयात गुन्हा शाबीत होईपर्यंत कोणाला चोर म्हटले, तर अब्रुनुकसानीचा दावा अंगावर येऊ शकतो. म्हणून बातमीतला चोर निकाल लागेपर्यंत ‘अलेज्ड’ असतो. मराठीत आपण ‘कथित’ म्हणतो, पण त्यात ती ऐट नाही. घरात जपून वापरावा. गॅसवरचे दूध माझ्या देखरेखीखाली अलेजेडली उतू गेले, असे मी म्हटल्यावर आमच्या हिने पुरावा म्हणून शेगडीच पुसायला दिली.

आकड्यांच्या फंदात पडू नये. मिलियन म्हणजे दहा लाख आणि बिलियन म्हणजे शंभर कोटी, हे पाठ असते. पण तीनशे चाळीस मिलियनचे चौतीस कोटी होईतो बातमी संपून हवामान लागलेले असते.

भारदस्त शब्दांच्याही मागे लागू नये. २०१७ साली शशी थरूर यांनी एका वाहिनीवर चिडून ट्विटरवर ‘फॅरागो’ हा शब्द टाकला आणि लोक शब्दकोशांवर तुटून पडले. मीही पडलो. अर्थ सरमिसळ, मूळ लॅटिनमध्ये गुरांचा मिश्र चारा. म्हणजे शेवटी आंबोणच की! आमच्या गोठ्यात हा शब्द आजीच्या तोंडी रोज असे.

या पद्धतीचा एक दोष प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे. सहा महिन्यांनी वही चाळली, तर मला भूकंप, चक्रीवादळ आणि रुळावरून घसरलेली गाडी यांचे वर्णन करता येत होते. ढिगाऱ्याला ‘डेब्री’ म्हणतात आणि त्यातला एस गिळतात, हेही ठाऊक होते. पण झाऱ्याला काय म्हणतात ते माहीत नव्हते, कारण झारा कधी बातमीत येत नाही. चार माणसांत सुखाने दिवस गेला तर त्याचीही बातमी होत नाही, त्यामुळे तसे शब्दही मिळत नाहीत. मुलाकडे लेस्टरला गेलो असताना शेजारच्या बाईंनी कुंपणापलीकडून विचारले, कसे आहात? गुडघा जरा धरला होता. सहा महिन्यांच्या अभ्यासातून जे ओठांवर आले ते बोललो : ‘क्रिटिकल, बट स्टेबल.’ बाईंनी धावत खुर्ची आणली, पाणी आणले आणि मुलाला ऑफिसात फोन लावला. तो येईपर्यंत मला उठू दिले नाही.

परतल्यावर अभ्यास स्थगित केला. वहीची उरलेली पाने हिने दुधाच्या हिशेबाला घेतली. परवा सहज उघडून पाहिली. दूधवाला रविवारी दीड लिटर घातले म्हणतो, त्या दीडपुढे हिच्या अक्षरात लिहिले आहे, ‘अलेज्ड’. वापर बिनचूक आहे.