एका टक्क्याची निष्ठा

ब्रिटनमधल्या टेस्को या सुपरमार्केटनं १९९५ साली क्लबकार्ड नावाचं ग्राहकनिष्ठेचं कार्ड काढलं. पौंडभर खरेदीला एक पॉइंट, आणि पॉइंटची किंमत एक पेनी. म्हणजे शंभरात एक. एवढ्यासाठी माणूस सगळं सांगून टाकतो: डायपर कधी सुरू झाले, वाइन कधी वाढली, पथ्य कुठल्या आठवड्यात मोडलं. शेजारच्या काकूंनी यातलं निम्मं विचारलं, तरी त्या भोचक! आता तर फळीवर दोन-दोन भाव. कार्डवाल्याचा ‘सवलतीचा’, बाकीच्यांचा ‘नेहमीचा’. नेहमीचा भाव नेहमी कोण देतं, ते दुकानालाच ठाऊक. कार्ड विसरलेला गृहस्थ मग रांगेतल्या मागच्या बाईचं कार्ड मागून घेतो, आणि त्याच्या दाढीच्या ब्लेडा बिनबोभाट तिच्या नावावर चढतात. पुढच्या महिन्यात तिला शेव्हिंग क्रीमचं कूपन.