दाखवण्यासारखं काही नाही

रिंगरोडवरच्या कापड मार्केटात ज्यांचा गाळा आणि लिंबायतीत ज्यांचा भाचा आहे, अशा प्रत्येक मामांच्या कार्डावरून महिन्याच्या सुरुवातीला डॉलरमध्ये काहीतरी कापलं जातं. किती कापलं ते बँकेच्या मेसेजवरून कळतं. कशाचं कापलं ते भाच्याला विचारावं लागतं. भाचा लॅपटॉप उघडतो, क्लाउडच्या पॅनलात शिरतो, सर्व्हरांच्या यादीवर जातो आणि स्क्रीन मामांकडे वळवतो. यादीच्या जागी करड्या रंगाचा एक ढग काढलेला असतो आणि त्याखाली ओळ असते : ‘दाखवण्यासारखं काही नाही.’

‘हाई काय शे?’ मामा विचारतात. अमळनेर सोडून जन्म गेला तरी संताप अहिराणीतच येतो.

‘मामा, इथे मशीनच नाही आपलं.’

‘मग पैसे कशाचे कापले?’

‘मशीनचे.’

यात भाच्याला बोल लावण्यात अर्थ नाही. त्याने एक साधं काम हाती घेतलं होतं. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरवलेला साडीचा फोटो तिसऱ्या पार्टीपर्यंत पोचेतो राणी कलरचा वांगी कलर होतो आणि मग माल परत येतो, म्हणून जॉर्जेट, शिफॉन, क्रेप असं सगळं डिझाइन नंबरासकट एका साइटवर टाकायचं, एवढंच. त्यासाठी एक भाड्याचं मशीन घ्यायचं होतं. ते त्याने घेतलं. फक्त कुठे घेतलं, हे त्याला कोणी विचारलं नाही. म्हणजे विचारलं होतं, पण उत्तरही विचारणाऱ्यानेच भरून ठेवलं होतं.

पॅनलच्या वरच्या कोपऱ्यात, घंटा आणि प्रश्नचिन्ह यांच्या शेजारी, बारीक अक्षरात एका गावाचं नाव असतं. त्याला रीजन म्हणतात. सगळी गोम त्या नावात आहे. तिथे मुंबई लिहिलेलं असेल तर पॅनल फक्त मुंबईतली मशीनं दाखवतं. मशीन हैदराबादेत असेल, सिंगापुरात असेल, तर पॅनलच्या लेखी ते जन्मालाच आलेलं नाही. आणि भाच्याचं मशीन निघालं व्हर्जिनियात. कारण खातं उघडताना त्या कोपऱ्यात व्हर्जिनिया आपसूक बसलेलं होतं. पत्त्यात सुरत, फोनला +91, कार्ड इथल्या बँकेचं, एवढं सगळं बघून पॅनलने विचारपूर्वक ठरवलं की या गृहस्थांना व्हर्जिनियातच जागा हवी असणार.

व्हर्जिनिया हे काही ऐरंगैरं ठिकाण नव्हे. त्या राज्याच्या उत्तर भागात डेटा सेंटरांची जगातली सगळ्यात मोठी वस्ती आहे. तिथे, वातानुकूलित इमारतीत, मामांच्या लेसपट्टीच्या साड्यांचे फोटो राहतात. नंदुरबारच्या दुकानदाराने डिझाइन नंबरावर बोट ठेवलं की त्याची मागणी समुद्राखालून अमेरिकेला जाते आणि फोटो घेऊन समुद्राखालून परत येते. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो. अंतर एका बाजूचं 12 हजार किलोमीटरच्या वर. म्हणजे जाऊन-येऊन सेकंदाचा आठवा हिस्सा नुसता प्रवासात गेला, तोही तारा नाकासमोर सरळ टाकलेल्या असत्या तर. त्या वळत, थांबत, बंदरं घेत जातात, तेव्हा वेळ दुपटीच्या आसपास धरावा. एका पानाला अशा पुष्कळ खेपा लागतात. सुरतेहून मुंबई सेंट्रल रेल्वेने 263 किलोमीटर आहे. असो.

पण अंतराचं दुःख दुय्यम. खरी कमाल त्या ओळीची आहे. ‘दाखवण्यासारखं काही नाही.’ किती निःशंक वाक्य आहे! ‘या गावात नाही, दुसऱ्या गावात पाहा’ असं त्यात नाही. ‘तुमचं एक मशीन व्हर्जिनियात चालू आहे, तिकडे जायचं का?’ असं विचारणारं बटणही नाही. बरं, कंपनीला ठाऊकच नसेल म्हणावं, तर त्याच पॅनलच्या बिलाच्या पानावर स्वच्छ लिहिलेलं असतं : व्हर्जिनिया, 744 तास. महिना 31 दिवसांचा होता, म्हणजे एक तासही निसटलेला नाही. तास मोजणाऱ्याला मशीन दिसतं आणि मशीन दाखवणाऱ्याला दिसत नाही, आणि दोघं एकाच पॅनलात दोन क्लिकच्या अंतरावर बसतात. यावर जाणकार सांगतात की प्रत्येक रीजन मुद्दाम स्वतंत्र ठेवलेलं असतं, एकीकडे बिघाड झाला तर दुसरीकडे झळ पोचू नये म्हणून. हे खरं आहे आणि त्यात शहाणपणही आहे. पण मशीनं वेगवेगळी ठेवायला सांगितली होती, यादी नव्हे. मामांचा माल एका वेळी चार ठिकाणी असतो : कोरा ग्रे पांडेसऱ्याच्या मिलमध्ये रंगायला, रंगलेला सारोलीच्या गोदामात, अर्धा लेस लावायला बायकांच्या घरोघर, आणि उरलेला ट्रान्स्पोर्टवाल्याकडे बिल्टी फाटून. हिशेब ठेवणाऱ्या मेहताजींचं रजिस्टर मात्र एकच आहे. त्यांना ‘माल किती?’ विचारलं आणि ते फक्त गाळ्यातल्या फळ्यांकडे बघून ‘दाखवण्यासारखं काही नाही’ म्हणाले, तर मामा संध्याकाळी त्यांचा हिशेब करून त्यांना उधना स्टेशनावर सोडून येतील.

सगळी रीजनं एकत्र दाखवणारं पान अजिबातच नसतं असं नाही. काही पॅनलांत असतं, तिसऱ्या मेनूत, भलत्याच नावाखाली. काही ठिकाणी ते आधी चालू करावं लागतं. म्हणजे हरवलेली वस्तू शोधायची सोय, वस्तू हरवण्याआधी अर्ज केला असेल तर मिळते.

ते पान सापडेपर्यंत भाचा एकेक गाव बदलत राहतो. मोठ्या पॅनलात अशी गावं तीस-चाळीस, कुठे त्याहूनही जास्त. ज्या मामांचा पासपोर्ट काढायचा राहून गेला, त्यांना भाचा दुपारच्या चहाच्या वेळात ओसाका दाखवतो, स्टॉकहोम दाखवतो, साओ पाउलो दाखवतो. सगळीकडे तोच करडा ढग. साओ पाउलोतही दाखवण्यासारखं काही नाही, हे वाचून मामांना त्या शहराबद्दल जरा वाईट वाटतं. शेवटी व्हर्जिनिया येतं आणि तिथे एक नव्हे, तीन मशीनं निघतात. एक चालू. एक बंद. तिसऱ्याचं नाव ‘टेस्ट-फायनल-2’. ते कोणी, कधी आणि कशासाठी केलं, याबद्दल भाचा खिडकीबाहेर बघतो.

बंद मशीनपाशी मामांचा जीव भांड्यात पडतो, आणि तिथेच ते फसतात. पॅनलच्या भाषेत मशीन बंद करणं म्हणजे फक्त त्याचं डोकं बंद करणं. त्याची डिस्क जागा धरून असते, तिचं भाडं चालू. डिस्कच्या जुन्या प्रती काढलेल्या असतात, त्यांचं भाडं चालू. कित्येक होस्टिंगवाल्यांकडे तर बंद मशीनचंही पूर्ण भाडं लागतं, कारण तुमच्यासाठी जागा राखून ठेवली आहे म्हणे. आणि त्या मशीनला दिलेला इंटरनेटचा कायमचा पत्ता, त्याची तऱ्हा आणखी न्यारी. जुन्या पद्धतीचे हे पत्ते एकूण 429 कोटींच्या आसपास. त्यांचा जागतिक शिलकी साठा 3 फेब्रुवारी 2011 ला वाटून संपला. तेव्हापासून पत्ता ही दुर्मिळ वस्तू, म्हणून तो घेऊन नुसता पाडून ठेवला तर तासावर आकार. काही जण वापरातल्या पत्त्याचाही घेतात. मामांनी पत्ता मागितला नव्हता, वापरत नाहीत आणि तो आहे हे त्यांना आत्ता कळलं. एवढ्या तीन कारणांनी कोणाकडून पैसे घेता येतात, हे रिंगरोडवर अजून कोणाला सुचलेलं नाही.

मग पुसून टाका ना! भाचा पुसायला जातो. मशीन पुसता येत नाही, त्याला ‘पुसण्यापासून संरक्षण’ लावलेलं आहे. ते काढलं की मशीन जातं, डिस्क राहते. डिस्क जाते, प्रती राहतात. नेटवर्क पुसायला गेलं तर ते कशाला तरी जोडलेलं आहे. कशाला, ते त्या पानावर सांगत नाहीत. मशीन सुरू करायला एक निळं बटण होतं, ताटाएवढं. संपवायला पाच पानं, त्यात एका ठिकाणी मशीनचं नाव स्वतःच्या हाताने टाइप करून द्यायचं. भाच्याला ‘टेस्ट-फायनल-2’ असं मामांसमोर टाइप करावं लागतं.

खर्चावर मर्यादा घालता येते की, असं कोणी म्हणेल. येते. पॅनलात ‘बजेट’ नावाचं पान आहे. महिन्याला इतके डॉलर असा आकडा तिथे भरायचा. आकडा ओलांडला की ईमेल येतो. बस्स. खर्च थांबत नाही, कारण बजेट म्हणजे इच्छा, बंधन नव्हे. ईमेलही लगेच येत नाही, बिलाचे आकडे काही तास, कधी दिवसभर मागे असतात. आणि त्यांचा दिवस आपल्या पहाटे साडेपाचला बदलतो, म्हणून महिनाअखेरीला मेहताजींचा आणि पॅनलचा हिशेब कधी जुळत नाही. मेहताजी याला अजून स्वतःची चूक समजतात.

आता थोडं क्लाउडच्या जकातीविषयी. गुजरातच्या महापालिकांतली जकात 2007 साली उठली, मुंबईतली 2017 ला जीएसटी आल्यावर. नाक्यावर उभ्या राहिलेल्या टेम्पोवाल्यांना आठवत असेल, शहरात येणाऱ्या मालावर जकात असायची. क्लाउडवाल्यांनी नाका फिरवून लावला. तुमचे फोटो आत आणा, फुकट. हवे तेवढे आणा. बाहेर न्यायचे म्हणालात की दर जीबीला इतके सेंट. थोडासा कोटा माफ असतो, मग मीटर सुरू. नंदुरबारचा दुकानदार फोटो बघतो तोही माल बाहेर गेला असं धरलं जातं. त्यामुळे धंदा वाढला की दंड वाढतो, आणि दुकान उचलून दुसऱ्या कंपनीकडे न्यायचं म्हटलं तर स्वतःचाच माल सोडवून घ्यायचे पैसे. युरोपियन युनियनने यावर कायदा केला. त्यांचा डेटा अ‍ॅक्ट 12 सप्टेंबर 2025 पासून लागू झाला आणि 12 जानेवारी 2027 पासून कंपनी बदलताना असे पैसे घेता येणार नाहीत. म्हणजे मामांच्या फोटोंना सुटायचं असेल तर त्यांनी एखाद्या युरोपातल्या मामांच्या नावावर जावं.

आपल्याकडे नियमच नाहीत असं कोणी समजू नये. 30 नोव्हेंबर 2023 ला केंद्र सरकारने ‘डार्क पॅटर्न’विरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात फसव्या मांडणीचे 13 प्रकार सांगितले आहेत : सदस्यत्वात शिरणं सोपं आणि निघणं अवघड करून ठेवणं, महत्त्वाची माहिती नजरेआड जाईल अशी पडद्याची रचना करणं, किंमत हप्त्याहप्त्याने उघड करणं. वाचताना मामांना वाटतं, हे कोणीतरी आपल्या गाळ्यात बसून लिहिलंय! पण थांबा. ही तत्त्वं ग्राहक संरक्षण कायद्याखालची, आणि 2019 च्या त्या कायद्यानुसार व्यापारी कामासाठी सेवा घेणारा माणूस ग्राहकच नसतो. स्वतः राबून पोट भरण्यापुरता धंदा असेल तर सूट आहे. मामांकडे मेहताजी आहेत, दोन पोरं पार्सलं बांधायला आहेत, म्हणजे सूट मिळेल की नाही ते वकील ठरवणार आणि वकिलाची फी डॉलरमध्ये नसली तरी असतेच. कार्डाला ते ग्राहक, बिलाला ते ग्राहक, ‘प्रिय ग्राहक’ म्हणून वाढदिवसाला कुपन येतं, आणि भांडायला उभे राहिले की ते व्यापारी! वर त्या बिलावर 18 टक्के जीएसटी. साडीवर 5 टक्के आणि साडीच्या फोटोच्या मुक्कामावर 18. तो वळता करून घ्यायचा तर जीएसटी नंबर पॅनलात भरावा लागतो, आणि ती चौकट बिलाच्या पानावर नाही, खात्याच्या पानावर नाही, ‘कर’ नावाच्या तिसऱ्याच खोलीत आहे, जिथे भाचा कधी गेला नव्हता. सुरतेत आजवर कोणी कोणाला असं छापील, सभ्य आणि सुवाच्य लुबाडलं नसेल. इथला धूर्तातला धूर्त दलालसुद्धा समोर बसून, चहा पाजून, डोळ्यात बघून कापतो. त्याच्या दारात जाऊन चार शिव्या तरी घालता येतात. इथे शिव्या घालायला चॅटची एक चौकट आहे आणि तिच्यातला यंत्रमानव विचारतो, ‘हे उत्तर उपयोगी पडलं का?’

उधारीचा विषय तर काढूच नये. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे 45 दिवसांत चुकते केले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी वजा धरायचा नाही, असा आयकराचा नियम 2024 ला लागू झाला, तेव्हा सगळं मार्केट छाती पिटत होतं. तेच मार्केट व्हर्जिनियाला महिन्याच्या महिन्याला, एक दिवसही उशीर न करता, न बघितलेल्या मालाचे रोख पैसे मोजतं. वटाव मागत नाही.

लिंबायत, उधना, डिंडोलीतल्या भाच्यांनी मात्र यातून वाट काढली आहे. ते आता एकमेकांच्या मामांची पॅनलं तपासून देतात. सुरतेत दलालाशिवाय कापडाचा ताका हलत नाही, तर मशीन कसं हलेल? सापडलेल्या प्रत्येक बेवारशी मशीनमागे, त्याने वाचलेल्या पहिल्या महिन्याच्या भाड्यावर दोन टक्के. मामांनी घासाघीस करून दीड टक्क्यावर आणलंय, त्यातही स्वतःच्या भाच्याने पाडलेल्या मशीनला दलाली नाही, अशी अट. ‘टेस्ट-फायनल-2’ कोणाच्या खात्यात धरायचं यावर बोलणी अडली आहेत.