मामाचा पसंतीक्रम

जून २०२५ पासून शेजारचे अण्णा माझ्याशी बोलत नाहीत. पूर्वी पेपर आधी माझ्याकडं यायचा, मग कुंपणावरून त्यांच्याकडं जायचा. आता त्यांनी स्वतःचा पेपर लावलाय. चूक माझी आहे हे मान्य. पण हेतू चांगला होता, हेही नोंदवून ठेवतो. (सरकारी खात्यात शेरे मारण्यात तीस वर्षं गेली. नोंदवून ठेवायची खोड जात नाही.)

त्या वर्षी अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. तोवर हे लचांड मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांपुरतं होतं. साताऱ्यात मार्कशीट घ्यायची, कॉलेजात जाऊन रांगेत उभं राहायचं, झालं काम. आता आला भाग एक, भाग दोन आणि दहा पसंतीक्रम. अण्णा धास्तावले. मी निवृत्त, घरात वायफाय, आणि दुसऱ्याच्या फॉर्ममध्ये आपलं डोकं घालायची उपजत हौस. "अण्णा, सोडा माझ्यावर," म्हणालो. त्यांनी सोडलं.

पोराला घराजवळचं कॉलेज हवं होतं. पण माझं शास्त्र वेगळं. पंगतीत वाढपी जिकडून सुरुवात करतो तिकडं बसावं, म्हणजे जिलबी संपायच्या आत आपल्या पानात पडते. तेव्हा जे नक्की मिळेल ते वर, आणि जे हवं ते चौथ्या नंबरावर, 'बघू नंतर' म्हणून. पहिला मान मी डोंगरापलीकडच्या एका कॉलेजला दिला. तिथं जागा भरपूर होत्या. पहिल्याच फेरीत पोराला पहिली पसंती मिळाली. मी अण्णांकडं पेढे मागितले.

नियम त्यानंतर वाचला. पहिली पसंती मिळाली की प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाद. पोरगं आता अंधारात उठून एसटी पकडतं, आणि पोवई नाक्यावर मी दिसलो की दप्तर या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतं. तोंड फिरवायला निमित्त लागतं ना.

साताऱ्याची बातमी सांगलीला पोचते ती अर्धीच. मधे कराड आहे. आठवड्यानं बहिणीचा फोन आला. "दादा, तू म्हणे कुणाला तरी पहिल्याच फेरीत पहिली पसंती काढून दिलीस? मग भाचीचा फॉर्म कोण भरणार?" खोटं तर ती बोलत नव्हती. मी कंदी पेढ्यांचे दोन बॉक्स घेतले आणि सांगलीची गाडी धरली. पेढे आधीच घेऊन जाणारा मार्गदर्शक मी एकटाच असेन.

आमच्या घराण्यात प्रवेशाचा अनुभव तसा दांडगा. वडील छत्रपती शिवाजी कॉलेजात 'कमवा आणि शिका'तले. कर्मवीरांनी १९४७ साली काढलेलं हे कॉलेज. वडिलांच्या सांगण्यानुसार त्यांचा प्रवेश-अर्ज म्हणजे कुदळ. ती हातात धरता आली की झाला प्रवेश. माझ्या वेळी ते मला सांगलीला विलिंग्डनमध्ये घेऊन आले, खिडकीवर एक पानाचा फॉर्म घेतला, माझ्या पाठीचं टेबल करून भरला आणि दुपारच्या गाडीनं परत गेले. त्यात काय लिहिलं होतं ते मला अजून माहीत नाही.

एवढ्या पुण्याईवर मी विश्रामबागेत भाचीसमोर बसलो. तिनं सीईटी दिली होती, पर्सेंटाईल बरं होतं, इंजिनिअरिंगला जायचं होतं. मी पहिला हुकूम सोडला, "सगळ्या कागदांच्या तीन-तीन झेरॉक्स, साक्षांकित." दहावी-बारावीच्या मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, डोमिसाईल, जातीचा दाखला, पडताळणी, नॉन-क्रीमीलेअर. ती काही बोलायच्या आत मी गठ्ठा घेऊन बाहेर पडलो. हिरव्या शाईचा राजपत्रित अधिकारी शोधत भर पावसात अर्धी सांगली पालथी घातली. एक भेटले ते जेवायला बसले होते. त्यांनी हात धुऊन एकवीस सह्या केल्या. चिखलात भिजलेली पँट घेऊन विजयी मुद्रेनं परतलो, तर भाची म्हणाली, "मामा, मूळ कागद स्कॅन करून अपलोड करायचेत. ते मी परवाच केलेत. आणि झेरॉक्सवर आता आपलीच सही चालते."

"आणि नॉन-क्रीमीलेअर? जुनं मार्चअखेर संपलं असणार," मी शेवटचा हुकमी पत्ता टाकला.

"एप्रिलमध्येच सेतूत अर्ज टाकला होता. आलंय."

मग ओटीपी. फॉर्मला मोबाईल नंबर दाजींचा, आणि दाजी तासगावजवळच्या द्राक्षबागेत फवारणीला. मी फोन लावला. मागं ब्लोअरचा आवाज.

"दाजी, मेसेज आलाय बघा, सहा आकडी!"

"आलाय की! वाचू? च्यार... सात... थांबा, चष्मा गाडीत हाय."

चष्मा आला, तोवर मुदत संपली. दुसरा ओटीपी आला. दाजींनी तो लिलावातल्या बोलीसारखा घुमवून वाचला. मी लिहिला, पण तो पहिलाच मेसेज होता. तिसऱ्या वेळी पाच आकडे झाले आणि रेंज गेली. सहावा आकडा शून्य असणार, असा अंदाज मी अनुभवावरून बांधला. नव्हता. आता थोडा वेळ थांबून पुन्हा प्रयत्न करा, असं संगणकानं मला बजावलं. दारात उभी असलेली बहीणही तेच म्हणत होती. शेवटी भाचीनं वडिलांना फोन करून "बाबा, नुसता स्क्रीनशॉट पाठवा," एवढंच सांगितलं. दाजींना स्क्रीनशॉट काढता येतो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

खरी परीक्षा पसंतीक्रमाची. या अर्जात तीनशेपर्यंत पर्याय भरता येतात. मी म्हणालो, बारा बास. वहीचं पान फाडलं, पट्टीनं रेघा मारल्या, लाल पेनानं मथळा घातला आणि पंगतीच्या सिद्धांतानं यादी केली. वर, नाव कुणी ऐकलं नसेल अशी दोन-तीन कॉलेजं. मधे कराडचं सरकारी. तळाला वालचंद, आणि त्याच्याही खाली पुण्याचं सीओईपी.

भाचीचा जीव वालचंदमध्ये अडकलेला. घरापासून सायकलच्या अंतरावर. मी तिला इतिहास सांगितला, की १९४७ साली धोंडूमामा साठ्यांनी ते काढलं, वालचंद हिराचंदांचं नाव १९५५ मध्ये लागलं. "म्हणजे बघ, पायाच मुळात एका मामानं घातलाय. तेव्हा मामाचं ऐकावं."

तिनं यादी वाचली आणि एकच प्रश्न विचारला. "मामा, समजा यातली दोन-तीन कॉलेजं मला मिळण्यासारखी असली, तर संगणक त्यातलं वरचंच देणार ना?"

"अर्थात!"

"आणि पहिल्या फेरीत पहिलंच मिळालं तर ते गोठणार. नंतर बदलायची सोय नाही."

"म्हणून तर म्हणतो, पहिलं पक्कं हवं!"

"हां," ती म्हणाली. नोकरीत असताना साहेब जेव्हा असं "हां" म्हणायचे, तेव्हा माझी फाइल त्याच दिवशी दप्तरी दाखल व्हायची. इथं मात्र मला तो होकार वाटला.

दुसऱ्या दिवशी अर्ज कायम करून झाल्यावर तिनं मला स्टँडवर सोडलं, आणि बहिणीनं केलेल्या भडंगाची पुडी हातात दिली. आष्टा मागं पडल्यावर भूक लागली. पुडी सोडली. भडंग संपत आलं तसं कागदावर लाल मथळा दिसायला लागला, माझ्या अक्षरातला. तेलानं पारदर्शक झालेल्या त्या यादीच्या शेजारी पेन्सिलीनं एक लांब बाण काढलेला होता, तळापासून थेट वरपर्यंत. बाणाच्या टोकाशी दोन शब्द: 'असं भरायचं'.

म्हणजे यादी माझीच वापरली होती. फक्त खालून वर.

पेठ नाक्यापर्यंत मी तो बाण बघत बसलो. मग पंगतीचा घोळ डोक्यात शिरला. इथं वाढपी पानं धरून फिरतच नाही. गुणवत्तेनं तुमची पाळी आली की तो तुमच्या यादीवर वरून बोट फिरवतो, आणि जे शिल्लक असेल ते पहिलं तुमच्या पानात. जिलबी वर लिहिली म्हणून खालचा भात कुणी काढून घेत नाही. अण्णांच्या पोराला मी रिकाम्या पोटी आधी भात वाढला होता.

पहिल्या फेरीत भाचीला वालचंद मिळालं, दुसरी पसंती. ते तिनं तिथंच पक्कं केलं. बहिणीचा आवाज फोनवर भरून आला. "दादा, तुझ्यामुळं झालं."

"छे गं, माझं काय त्यात," मी म्हणालो; अशा सुरात, की ऐकणाऱ्याला उलटंच वाटावं.

त्या आनंदात कंदी पेढ्यांचा एक पुडा मी कुंपणावरून अण्णांकडं सरकवला. तो संध्याकाळपर्यंत कुंपणावरच होता, मग मुंग्यांनी घेतला.

अण्णांची धाकटी आता नववीत आहे. परवा सकाळी ती फाटकापाशी येऊन उभी राहिली. "काका, पप्पांनी विचारलंय..."

मी चष्मा पुसला, खुर्ची पुढं ओढली, वहीसुद्धा काढली.

"...आमचा पेपर चुकून तुमच्याकडं पडलाय का?"