ओके दाबू नका

"फॉरमॅट मारायला काय अक्कल लागते?" कुणाचा कॉम्प्युटर बिघडलाय असं कानावर पडायचा अवकाश, अण्णा हे म्हणणारच. विश्रामबागेत दुरुस्तीवाल्यांना तोटा नाही. पण ते डबा उचलून नेतात, सगळं पुसतात आणि वर पैसे घेतात. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अण्णा दमडी घेत नाहीत. चहा, वाटीभर भडंग आणि ऐकून घेणारा माणूस एवढं मात्र पुरवावं लागतं.

त्यांचा खास प्रांत म्हणजे हरवलेली डीएलएल. पडद्यावर चौकोन येतो: एमएसव्हीसीपी १४० डॉट डीएलएल सापडत नाही, प्रोग्राम सुरू होणार नाही. खाली ओके. आपण ओके दाबतो. इथं अण्णा भडकतात. "ओके कशाला दाबलंस? ओके आहे का ते?"

मग चष्मा नाकावर, खुर्ची पुढं आणि जबानी सुरू.

"काल काय केलंस?"

"काहीच नाही, अण्णा."

"काहीच नाही म्हणजे नक्की काय काय केलंस?"

तासाभरात कबुली मिळतेच. पोरानं गेम टाकलेला असतो, नाहीतर कुणीतरी 'जागा होत नव्हती' म्हणून फायली उडवलेल्या असतात. गणपती पेठेतल्या एका हळद व्यापाऱ्याकडं ऐन मार्चअखेरीला हिशेबाचा प्रोग्राम उघडेना. गुन्हेगार निघाला अँटीव्हायरस. त्यानंच फाईल संशयावरून कोठडीत टाकलेली. अण्णांनी तिला जामिनावर सोडवलं, आणि त्या दिवसापासून पेठेत त्यांचा चहा पैशांशिवाय चालतो.

डीएलएल म्हणजे काय, हे ते न विचारता सांगतात. "गल्लीतल्या मंडळाची भांडी असतात ना? प्रत्येकानं घरी पातेलं कशाला ठेवायचं? कार्य निघालं की मंडळातनं आणायचं. एकानं ते हरवलं की दहा घरचा स्वयंपाक अडतो." पूर्वी अण्णा अशी हरवलेली पातेली कुठल्याही वेबसाइटवरून उचलून आणत. एकदा एकाच्या पोटात व्हायरस निघाला आणि अण्णा कट्टर झाले. आता एकटी फाईल आणायची नाही. १४० नंबरवाली असेल, तर मायक्रोसॉफ्टकडूनच व्हिज्युअल सी प्लस प्लसचा पूर्ण संच घ्यायचा. तोही ३२ आणि ६४ बिट दोन्ही, कारण विंडोज ६४ बिटचं असलं तरी प्रोग्राम ३२चा असू शकतो. यात एका गोष्टीनं त्यांचं डोकं कायम तापलेलं: ६४ बिट विंडोजमध्ये सिस्टम ३२ नावाच्या फोल्डरात ६४ बिटच्या फायली, आणि ३२ बिटच्या फायली कुठं, तर नावात ६४ असलेल्या फोल्डरात! "हे कुणी ठरवलं, त्याला एकदा भेटायचंय मला."

विंडोजची स्वतःचीच फाईल बिघडली असेल, तर एसएफसी स्कॅननाऊ. ही आज्ञा त्यांनी साताऱ्याच्या आक्कांना एकदा फोनवर सांगितली.

"एसएफसी लिही. आता स्पेस दे."

"लिहिलं. एस, पी, ए..."

"अगं लिहू नकोस, दे!"

"कुणाला देऊ?"

पुढं स्लॅश आला. उभा का आडवा, असं आक्कांनी विचारलं. "तिरका!" अण्णांचा आवाज चार घरं ओलांडून आमच्याकडं आला. अखेर आज्ञा बसली, तर विंडोज म्हणालं, आधी अॅडमिनिस्ट्रेटर व्हा. "म्हणजे आता मी काय व्हायचं?" असं आक्कांनी विचारल्यावर अण्णांनी फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरली.

काम पाच मिनिटांत झालं. मग त्यांनी आक्कांच्या वहीत, लोणच्याच्या मसाल्याच्या प्रमाणाखाली, सगळं क्रमवार लिहून दिलं आणि त्यांच्याकडून दोनदा वाचून घेतलं. जेवणं झाली. दाजी हळूच म्हणाले, "आलाच आहात, तर जरा प्रिंटर बघता का? कागद अडकतोय."

अण्णांनी पिशवी उचलली. "प्रिंटर मी बघत नाही," म्हणाले, आणि राजवाड्याकडं कंदी पेढे घ्यायला निघून गेले.