वंगणवाले नाना

आमच्या सोसायटीत नानांच्या देखत कुणी दार लोटत नाही. लोटलं की ते करकरतं, आणि करकरलं की नाना जिन्यात थांबतात. मग "वरच्या बिजागरीतून येतोय आवाज, की खालच्या?" या प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं. तोवर आत भाजी करपते.

नाना वीज मंडळातून निवृत्त झाले आणि खालच्या गॅरेजमध्ये त्यांनी सुतारकाम मांडलं. टेबल आलं, रंधे आले, पटाश्या धार लावून ओळीनं टांगल्या गेल्या. शेवटी पुण्याच्या जुन्या बाजारातून एक वाइस आला, शेफील्डला घडलेला, रेकॉर्ड कंपनीचा, उचलताना कंबर आठवेल इतका जड. त्याच्या आट्यांत कुणा पूर्वीच्या मालकाचं ग्रीस आणि भुसा मिळून काळं, टणक लिंपण झालं होतं. रॉकेल मिळेना म्हणून नानांनी डिझेल आणलं आणि जुन्या टूथब्रशानं ते एकेका आट्यातून खरवडून काढलं. आतून लखलखीत स्क्रू निघाला. इथवर कुणीही करील. पुढचा प्रश्न मात्र नानांनाच पडतो: आता याला लावायचं काय?

"ग्रीस," असं मी एकदा बोलून गेलो.

"फिटरच्या वाइसला लावा खुशाल. सुताराच्या वाइसवर दिवसभर भुसा पडतो. ग्रीस तो सोडत नाही. दोन महिन्यांत आट्यांत लाडू वळलेले मिळतील."

तरीही खात्री करून घ्यावी म्हणून ते बोहरी आळीत गेले. सोबत मी होतो. दुकानदाराला त्यांनी विचारलं, "लिथियम आहे का? घट्टपणाचा नंबर किती, दोन का?" दुकानदार म्हणाला, "पाव किलो की अर्धा?" नानांनी डब्यात करंगळी बुडवली, अंगठ्यानं चोळली, डोळे मिटून वास घेतला आणि मान हलवली. मागे रांग लागली होती. त्या रांगेत एकानं, निव्वळ घाईपोटी, निळ्यापिवळ्या डब्यातला फवारा सुचवला. झालं. नाना वळले.

"डब्ल्यूडी-40 ना? त्यातले डब्ल्यू आणि डी म्हणजे पाणी हटवणे. 1953 साली अमेरिकेत, सॅन दिएगोत केलं. ॲटलस क्षेपणास्त्राला गंज चढू नये म्हणून. चाळिसाव्या खेपेला सूत्र जमलं, म्हणून 40. आता मला सांगा, माझ्या वाइसमध्ये पाणी कुठाय?"

तो गृहस्थ काही न घेताच निघून गेला. नाना बोलले त्यात चूक काहीच नव्हतं. नाना सहसा चुकत नाहीत, आणि त्यांच्याबरोबर राहणाऱ्यांचं खरं दुखणं हेच आहे. चुकणाऱ्या माणसाला निदान गप्प तरी करता येतं.

त्यानंतर एकेक उमेदवार बाद होत गेला. शिलाई मशीनचं तेल पातळ, ओघळून सागवानावर डाग पाडतं. खोबरेल डिसेंबरात सकाळी थिजतं. हे पटवण्यासाठी त्यांनी वहिनींची बाटली थंडीत बाहेर ठेवली आणि वहिनींना न न्हाता लग्नाला जावं लागलं. अळशीचं तेल वाळतं, म्हणूनच ते लाकडाला लावतात. आट्यांत वाळलं तर जबडा आहे तिथेच राहायचा. सिलिकॉनचं नाव काढलं तर नाना खुर्चीतून उठतात. ते हाताला लागतं, हाताचं लाकडाला लागतं, दिसत कुणालाच नाही, आणि पॉलिश मारायला घ्यावं तर त्यात बारीक बारीक खड्डे पडतात. सिलिकॉनविषयी ते बोलतात तेव्हा वाटतं, कुणीतरी त्यांच्या मुलीला फसवलंय.

उरलं ग्राफाइट. कोरडं, भुसा धरत नाही. पेन्सिलीत असतंच, पण नुसतं नसतं. त्यात चिकणमाती कालवलेली असते. ही युक्ती 1795 साली काँते नावाच्या फ्रेंच माणसानं पेटंट केली. काँतेवर नानांचा राग आहे. माती आट्यांत कशाला? मग त्यांनी शोध लावला की पेन्सिल जितकी मऊ आणि काळी, तितकी माती कमी. त्यांच्या नातीची एलिमेंटरीची परीक्षा तोंडावर होती. तिच्या डब्यातली 8बी नाहीशी झाली. वाइस सुरेख फिरला. पण नानांचे हात काळे झाले, हातांनी फळी काळी केली, आणि परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी सून जे बोलली ते तिनं दार लावून बोलल्यामुळे मला अर्धंच ऐकू आलं.

शेवटी मेण ठरलं. त्यातही मधमाश्यांचं नाही, ते चिकट; साधी पांढरी मेणबत्ती. आट्यांवर घासायची, जबडा पुरा उघडून मिटायचा, वर आलेला चुरा ब्रशनं झाडायचा. झिजलं की पुन्हा. दिवाळीत पाच रुपयांना मिळणाऱ्या वस्तूपाशी नाना एवढा वळसा घालून पोचले, आणि मला विचाराल तर वळसा नसता तर त्यांनी ती मेणबत्ती घेतलीच नसती.

पावसाळ्यात आमचं दार फुगलं तेव्हा मिस्त्री आला. नानांनी मोठ्या मनानं त्याला वाइस देऊ केला. मिस्त्री फरशीवर बसला, पट्टी पायाच्या अंगठ्याखाली दाबली आणि रंधा मारायला लागला. नाना बराच वेळ त्या अंगठ्याकडे पाहत राहिले. मला वाटलं, आता तरी निरुत्तर झाले.

"टाचांना भेगा पडल्यात," ते म्हणाले. "कोकमतेल लावा. गोळा असतो, लगेच वितळून जात नाही. धरून राहतं."

मिस्त्रीनं खरंच लावलं. आता तो नानांना कुठेही भेटला तरी चप्पल काढून दाखवतो.

खंडेनवमीला मात्र घरात युद्ध झालं. वहिनी ताट घेऊन गॅरेजमध्ये आल्या. करवत, रंधे, पटाश्या, सगळ्यांना हळद-कुंकू लागलं, झेंडूचं फूल वाहिलं. वाइसपाशी नाना आडवे आले.

"जबड्याला लाव. आट्यांवर भुकटी नको."

"देवाला चालते, तुमच्या लोखंडाला चालत नाही?"

"देवाला फिरायचं नसतं."

वहिनींनी कुंकू शेवटी दांड्याला लावलं, आणि मग चिमूटभर नानांच्या कपाळाला, जरा जोरातच.

त्या वाइसमध्ये आजवर काय काय तयार झालं, हे विचारू नये. एक पाट झाला आहे. पण तो पाट तुम्ही फरशीवर सरकवून पाहा. खाली मेण आहे.

गेल्या आठवड्यापासून आमची लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर कुईं करते. सेक्रेटरींनी सर्वांना बजावलं, दुरुस्तीवाला येऊन जाईपर्यंत नानांच्या कानावर जाता कामा नये. नाना पहिल्या मजल्यावर राहतात, जिन्यानं ये-जा करतात. गुपित टिकायला हरकत नव्हती. काल दुरुस्तीवाला आला, तर नाना तिसऱ्या मजल्यावर आधीच स्टूल टाकून बसले होते. त्याची पिशवी खाली टेकायच्या आत त्यांनी आतला डबा उघडून करंगळी बुडवली होती.