बादलीशास्त्र : घरच्या घरी

साहित्य : एक बादली, पाणी आणि एक निवृत्त नवरा. तिसरे साहित्य घरात नसेल तर बादली धुण्यालाच वापरावी.

नियम १. वजनाला भुलू नये. चौघांना न उचलणारा ओंडका नदीत आरामात वाहत जातो आणि चिमटीतली सुई तळ गाठते. तेवढ्याच जागेत माल किती ठासून भरलाय, एवढाच प्रश्न असतो. पाणी घनसेंटीमीटरला एक ग्रॅम. त्याहून दाट ते बुडते, विरळ ते तरंगते. बर्फ 0.92, लोखंड 7.87. हे सगळे आमच्या ह्यांना तोंडपाठ आहे. तरीही कलिंगड आणले की, "अगं, एवढं धूड, हे बुडणारच!" कलिंगड तरंगते. दर उन्हाळ्यात तरंगते.

नियम २. संत्रे सालीसकट तरंगते, सोलले की बुडते. वजन कमी होऊनही बुडते, कारण हवा सगळी सालीत असते. प्रयोग झाल्यावर ते संत्रे कोणी खात नाही.

नियम ३. हापूस. हा विषय गंभीर आहे. झाडावरून उतरवलेला आंबा पाण्यात टाकला तर भरलेला तळाशी जातो, कोवळा वर राहतो. पण फार दाट आंब्यात साका निघण्याची भीती. म्हणून दुसऱ्या बादलीत लिटरला पंचवीस ग्रॅम मीठ घालावे. साध्या पाण्यात बुडेल आणि मिठाच्या पाण्यात तरंगेल तो आंबा आपला. ही परीक्षा कच्च्या फळाची आहे, बागेत घ्यायची. पेटीतून अर्धा पिकून आलेल्या आंब्यांना मोरीत बसून आंघोळ घालण्याची नाही. पुसायचे कोणी? ओला आंबा अढीत घातला की सडतो, हे बादलीला कळत नाही.

नियम ४. अंडे. ताजे आडवे पडते, जुने उभे राहते, फार जुने वर येते. कवचाच्या छिद्रांतून ओल जाते आणि हवा शिरते. आमच्याकडे अंडी खात नाहीत. शेजाऱ्यांची तपासून दिली.

नियम ५. दूध. लॅक्टोमीटर आणला आहे. चांगले दूध 1.03च्या आसपास असते. पाणी घातले की आकडा उतरतो, साय काढली की चढतो. दोन्ही केले तर आकडा जागच्या जागी. गवळ्याला हे ठाऊक आहे. मलाही ठाऊक आहे, मी सायीचा थर बघते. ह्यांचा विश्वास काचेच्या नळीवर.

नियम ६. पुरी वर आली की उलटावी. आत वाफ भरली म्हणून ती वर येते. इथे बादली लागत नाही, कोणी विचारतही नाही.

नियम ७. भाताचे बी. मृगाच्या सुमारास माझ्या माहेरी, दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी ओततात. पोचट दाणे वर येतात ते काढून टाकायचे, तळाचे पेरायचे. माझा भाऊ घाईघाईने हात फिरवतो. हे मात्र उकिडवे बसून एकेक पोल चिमटीने वेचतात, गुडघे दुखत असूनही. मग उरलेले बी दोन-तीनदा साध्या पाण्यातून काढायचे, नाहीतर मिठाने उगवण बिघडते, आणि सावलीत पसरायचे. ते काम हे दुसऱ्या कोणाला करू देत नाहीत. वहिनी त्यांना तिथेच चहा नेऊन देते.